सिस्टरच्या टेबलावरचं पापलेट

२०२३ साल. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं.

मुरबे या आमच्या कोळ्यांच्या गावात माझ्यासमोर कोणी मान वर करून बोलत नसे. (बायको सोडून. ती मान खाली घालूनही बोलते.) शिक्षण दुसरी पास. तिसरीत बसलो होतो, पण बापाने होडीवर चल म्हटलं, उठलो. त्यानंतर पन्नास वर्षं दर्यावर. आता होडी मुलगा चालवतो, नरेश. आणि घर मी चालवतो, असं माझं मत होतं.

आमची सून दीपाली बारावी पास. एकदा तारापूरच्या कंपनीत नोकरीला विचारायला गेली. तिथल्या साहेबाने इंग्रजीत दोन प्रश्न विचारले आणि पोरगी तशीच परत आली. दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काव्या बोईसरला सिस्टर लोकांच्या इंग्रजी शाळेत जाईल." काव्या म्हणजे माझी नात, पाच वर्षांची.

मी म्हटलं, "गावातली शाळा काय वाईट हाय? मी तिथंच शिकलो."

"म्हणूनच, बाबा," सून म्हणाली.

फॉर्म भरला आणि मुलाखतीचा कागद आला. जन्मदाखला, आधार कार्ड, लसीचं कार्ड आणा. गुरुवारी आई आणि वडील, दोघांनी हजर राहावं. नरेशची होडी मंगळवारी सुटायची होती, आठ दिवसांसाठी. तो थांबतो म्हणाला. मी त्याला थांबू दिला नाही.

"मासळी लागलीय, तू जा. शाळेत मी जातो."

"बाबा, कागदावर वडील लिवलंय."

"मी तुझा वडील हाय. म्हणजे वडिलांचा वडील. एक पायरी वरचा."

नरेश गेला. मग मी तयारीला लागलो. सिस्टरांच्या शाळेत जायचं तर त्यांना आवडेल असं जायला पाहिजे, हा शोध माझा. मी दीपालीला म्हटलं, "टिकली काढ. मंगळसूत्र पर्समध्ये ठेव. बांगड्यापण नको. आणि तो पांढरा ड्रेस घाल. त्यांच्यात पांढराच घालतात."

"बाबा, त्यांना काय फरक पडत नाय. सगळ्यांची पोरं जातात तिथं."

"तुला काय कळतं? मी जग बघितलंय." (पोरबंदरपर्यंत. पाण्यातून.)

तिने माझ्याकडे बघितलं, मग काव्याकडे, आणि टिकली काढली. जागेसाठी तिने त्या दिवशी काहीही केलं असतं. बायको पहाटेच पालघरच्या बाजारात मासे विकायला गेली होती, नाहीतर तिने मलाच घरातून काढलं असतं.

टमटमने बोईसर गाठलं. मुख्य सिस्टर साठीच्या असतील, जाड चष्मा. मी वाटेत पाठ केलेलं सगळं एका दमात टाकलं, "गुड मॉर्निंग, येस, थँक्यू."

"बसा बाबा," सिस्टर म्हणाल्या. "मराठीत बोला की."

मी हबकलो. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा साफ होतं.

त्यांनी फॉर्म बघितला. मग दीपालीचा पांढरा ड्रेस, मोकळं कपाळ, मोकळा गळा. मग वडिलांची म्हणून ठेवलेली खुर्ची. तिच्यात मी. त्यांचा चेहराच उतरला. टेबलामागून उठून आल्या आणि दीपालीच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "किती दिवस झाले, बाळा?"

दीपाली गोंधळली. मी मदत केली. "मंगळवारी गेला."

"या मंगळवारी?" सिस्टरांनी छातीवर क्रूस काढला. "आणि तुम्ही आज इथे आलात?"

"मग काय घरी बसून ऱ्हायचं त्याच्यापायी? दर्यावरचा माणूस हाय. हे आमच्यात चालायचंच."

सिस्टर माझ्याकडे बघतच राहिल्या. असं मला कधी पोलिसांनीही बघितलेलं नाही. मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "देह सापडला का?"

देह! दीपाली ताडकन उभी राहिली. "नाय, नाय, सिस्टर! जिवंत हाय तो! सकाळीच वायरलेसवर बोललाय!" असं म्हणत तिने पर्समधून मंगळसूत्र काढून गळ्यात घातलं आणि टिकली लावली. घाईत ती भुवईवर बसली. "बाबांनी काढायला लावलं," ती म्हणाली. मला वाचवायचा प्रयत्नही तिने केला नाही.

"का हो बाबा?"

"तुमच्यासाठी, सिस्टर."

"आमच्यासाठी?" त्या खुर्चीत बसल्या आणि पाणी प्याल्या. "आमच्या निम्म्या वर्गाला गणपतीची सुट्टी कमी पडते. आम्ही मुलीचा जन्मदाखला बघतो, आईचं कपाळ नाही. आणि वडिलांना बोलावतो ते घरात मुलीशी कोण बोलतं ते बघायला. ते का नाही आले?"

"मी आलोय ना."

"ते दिसतंय," सिस्टर म्हणाल्या. "बरं, आलाच आहात तर मुलीशी बोलून घेते. तुम्ही मधे बोलायचं नाही."

मी तोंडावर बोट ठेवलं. काव्याला चित्रं दाखवायला सुरुवात झाली. सफरचंद, काव्या म्हणाली "ॲपल". मांजर, "कॅट". दीपालीच्या जिवात जीव आला. तिसरं चित्र निघालं. मासा. गोल, चपटा, हळदीसारखा पिवळा.

काव्या गप्प.

दीपालीने महिनाभर घोकून घेतलं होतं, फिश, फिश, फिश. पोरगी चित्राकडे टक लावून बसली.

"मराठीत सांग, बाळा," सिस्टर म्हणाल्या. तरी गप्प. दीपालीने ओढणीचं टोक मुठीत आवळलं. एवढ्या लांब येऊन जागा माशावर अडणार, आणि तीही मुरब्याच्या पोरीची. माझं बोट तोंडावरून निघालं.

"कशी सांगेल, सिस्टर? नुसता मासा कुठं असतो? आमच्यात माशाला नाव असतं. काव्या, सांग त्यांना. पापलेट."

काव्या म्हणाली, "हे पापलेट नाय, आजा."

"पापलेटच हाय."

"नाय. याला पोटाखाली दोन छोटे पंख हायत. पापलेटला नसतात."

"असतात. नसतील तर पोहेल कसं, तुझ्या बापाच्या इंजिनावर?"

"बाबा..." दीपाली म्हणाली.

"बाबा..." सिस्टर म्हणाल्या.

"थांबा तुमी दोघी. पन्नास वर्षं पापलेट पकडलंय मी. आमचं पापलेट कुठं कुठं जातं विचारा. पोरीला काय माहीत?"

"आजी साफ करताना दाखवते," काव्या म्हणाली.

"आजी गेलेली दर्यावर?"

सिस्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाबा, मुलगी बरोबर सांगते."

"सिस्टर, तुमचा मान हाय. पण हे बायबलातलं नाय."

"बायबलातलं नाही, वसईच्या बाजारातलं आहे. मी कोळ्याची पोर. मठात जाईपर्यंत रोज आईच्या शेजारी बसून पापलेटं साफ केलीत. तुम्ही आजवर किती साफ केलीत?"

मी मनात मोजून बघितली. एकही नाही. आमच्यात मासा किनाऱ्याला लागला की पुरुषाचं काम संपतं. तिथून पुढे निवडणं, कापणं, विकणं सगळं बायकांचं. मासा मला पुन्हा भेटतो तो थेट ताटात, तुकड्यांत, रश्शाखाली. तिथं पंख कोण बघतो?

मी आधारासाठी सुनेकडे बघितलं. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "नसतात, बाबा." मान खाली होती, तेवढी अदब तिने राखली.

सिस्टरांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. "सगळी मुलं चित्र बघून फिश म्हणतात. हिने आधी बघितलं. जागा ठेवते मी. पण होडी आली की वडिलांना घेऊन या, त्यांना भेटल्याशिवाय प्रवेश पक्का होणार नाही."

दीपालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही आराम करा, बाबा."

परतताना टमटममध्ये दीपाली अर्धी वाट रडली आणि उरलेली अर्धी हसली. मी दोन्ही वेळा बाहेर बघत होतो. मला हार मान्य नव्हती. एक पाच वर्षांची पोर, एक सून आणि एक सिस्टर, या तिघींनी म्हटलं म्हणून पापलेटाचे पंख जातात काय?

दुसऱ्या दिवशी पहाटे, बायको बाजाराला निघायच्या आधी, मी तिच्या टोपलीपाशी बसलो. "काय शोधताय?" तिने विचारलं. "काय नाय, बर्फ बघतोय," म्हटलं, आणि एकेक मासा उलटा करून पोट तपासलं. एकवीस पापलेटं होती. त्यातलं एकही माझ्या बाजूचं निघालं नाही.