उतरता चंद्र आणि तेल्हाऱ्याची पत्ताकोबी

"मॅडम, वांगे बसले."

फोनवर वंदनाताई एवढंच बोलल्या आणि मी त्याच संध्याकाळी अमरावतीचं तिकीट काढलं. नवरा म्हणाला, "वांग्यांसाठी सहाशे किलोमीटर?" म्हटलं, वांग्यांसाठी नाही, माझ्या तक्त्यासाठी. त्यावर त्याने फक्त चष्मा पुसला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली की चष्मा पुसण्याचाही अर्थ कळतो.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर गच्चीवर भाज्या लावायला लागले. त्याही बायोडायनॅमिक पंचांगाप्रमाणे, म्हणजे चंद्र कुठे आहे ते बघून पेरणी, लावणी, काढणी. ते पंचांग इंग्रजीत असतं. मी त्यातल्या नियमांचा मराठी तक्ता करून आमच्या बागकामाच्या ग्रुपवर टाकते, तारखा ज्याने त्याने चंद्र बघून ठरवायच्या. तेल्हाऱ्याजवळच्या एका गावातल्या वंदनाताई तो तक्ता वर्षभर पाळत होत्या. गेल्या पौषात त्यांचे टोमॅटो असे काही आले की मी त्यांचा फोटो दहा ठिकाणी मिरवला होता. त्या जोरावर त्यांनी नवऱ्याकडून घरामागचे वीस गुंठे मागून घेतले, एका वर्षाच्या बोलीवर. पावसाळ्यात तिथे वांगी लावली. ती बसली, म्हणजे माना टाकून गेली. आता कोबीची रोपं तयार होती, आणि नवऱ्याने सांगून टाकलं होतं की दसऱ्यापर्यंत जमत नसेल तर त्या तुकड्यात हरभरा पेरतो. हरभरा पडला की तुकडा कायमचा गेला.

माझं निदान गाडीत बसण्याआधीच झालं होतं. बाईने कुठेतरी दिवस चुकवला असणार! मुलं नकाशात उत्तर-दक्षिण चुकवतात, तसंच. जाऊन समजावलं की झालं.

पुण्याहून रात्रीची गाडी सकाळी अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला सोडते. नवरात्रात जाणार असाल तर अमरावतीत खोली आधी ठरवा, अंबादेवीच्या गर्दीत ऐनवेळी काही मिळत नाही. मला थांबायचं नव्हतं, अकोल्याऐवजी इथे उतरले ती फक्त देवीसाठी. देवीचं दर्शन बाहेरूनच घेतलं आणि एका गाडीवर गिला वडा खाल्ला. दह्यातला मऊसूत वडा, वर तिखट-गोड चटण्या. दुसरा मागितला तेव्हा गाडीवाला म्हणाला, "पयलेच दोन घ्याचे ना बाई, लाजता काहून?" पुण्यात एवढ्या वेळात दुकानदाराने मान वर केली नसती.

तिथून एसटीने दर्यापूरमार्गे अकोट आणि अकोटला गाडी बदलून तेल्हारा. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास स्वस्तात पडतो, पण वेळ हाताशी ठेवा, अकोटला गाडीची वाट बघावी लागते. दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ सतत सोबतीला. शेजारच्या बाईंनी दहा मिनिटांत माझी सगळी माहिती काढून घेतली.

"कोनाकडं चालल्या?"

"वंदनाताईंकडे. जरा चंद्राचं समजवायचंय."

"बाप्पा!" त्या मागच्या सीटवरच्या बाईकडे वळल्या. "आयकलं काय वं? पुन्याहून चांद समजवाले आल्या!"

मागची बाई हसून म्हणाली, "आमच्या इकडं रोज निंगते, तिकडं नाई निंगत काय?"

अख्खी बस हसली. मीही हसले, पण मनात म्हटलं, हसा, हसा.

वंदनाताई चाळिशीच्या, काटक आणि कमी बोलणाऱ्या. नऊ दिवसांचे उपास चालू असूनही त्यांनी माझ्यासाठी भाकर, झुणका, ठेचा करून ठेवला होता. त्यांचे यजमान गजाननराव खाटेवर बसून सुतळी वळत होते. त्यांनी "या" म्हटलं आणि पुन्हा सुतळीत डोकं घातलं. हा माणूस माझ्यावर खूश नाही हे सांगायला कोणी लागलं नाही.

जेवून मी लगेच तपासाला लागले. गोठ्याच्या भिंतीवर माझा तक्ता प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला लावला होता. शेजारी भिंतीवरचं कॅलेंडर, त्यात पाण्याच्या, फवारणीच्या, लावणीच्या सगळ्या खुणा. इतकी नीट वही माझ्या कुठल्या विद्यार्थ्याने ठेवली नव्हती. आषाढाचं पान उलटलं. शुद्ध पंचमीला निळी खूण, "पानी, झड." पुढे तीन दिवस निळंच. आणि लावणीची खूण? थेट वद्य तृतीयेला.

"अहो, पाऊस असताना का नाही लावली रोपं? उतरता चंद्र होता की तेव्हा!"

"कुठं होता मॅडम? शुद्ध पक्ष होता. चांद चढून राहिला होता."

मी तक्त्याजवळ गेले. 'उतरता चंद्र : रोपांची लावणी' असं मी छापलेलं. त्याच्या शेजारी, बॉलपेनने, वंदनाताईंच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "म्हणजे वद्य."

मी ते दोनदा वाचलं.

गोष्ट सोपी आहे, म्हणूनच जास्त लागली. चंद्राची कोर वाढणं-घटणं, म्हणजे शुद्ध आणि वद्य, ही एक गोष्ट. चंद्राचा आकाशातला रस्ता रोज थोडा उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे सरकणं ही दुसरी. पंचांग या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतं. मी इंग्रजी शब्द समोर ठेवून 'चढता' आणि 'उतरता' लिहून मोकळी झाले होते. मराठी माणूस उतरता चंद्र वाचून दुसरं काय समजणार? थंडीत वद्य पक्ष आणि चंद्राचं दक्षिणेला उतरणं साधारण एकत्र येतं, म्हणून पौषातले टोमॅटो बरोबर दिवसांत पडले. आषाढात नेमकं उलटं असतं. चंद्र उतरत होता, वरून झड लागली होती, आणि ही बाई माझ्या एका शब्दासाठी रोपं ट्रेमध्ये धरून बसली. रोपं लांबली, किरकोळ झाली. वद्य लागल्यावर लावली, तेव्हा पावसाने दडी मारलेली.

नवऱ्याने चष्मा पुसला होता तो आठवला. गप्प बसावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू? गजाननराव सुतळी थांबवून माझ्याकडेच बघत होते.

"वंदनाताई, चूक तुमची नाही. शब्द मी चुकीचा लिहिला."

 त्या कोबीच्या ट्रेपाशी गेल्या आणि उगाच रोपांवर हात फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तं दोन महिने समजून राहिली का माह्या हातालेच गुण नाई. सोळा वर्षं झाले या घरात, पयल्यांदा एक तुकडा माह्या मनानं लावला. तोई गेला, म्हनलं." पदर डोळ्यांना लावला आणि पुन्हा कामाला लागल्या. मला इतकी लाज वाटली की बसवेना.

पण मी शिक्षिका आहे, चूक सापडली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला पाणी गोड लागत नाही. पंचांग काढलं. आज आश्विन शुद्ध तृतीया. चंद्र अष्टमीपर्यंत दक्षिणेकडे उतरणार. आणि वंदनाताई कोजागिरीनंतरच्या, म्हणजे दसराही उलटल्यावरच्या, वद्याची वाट बघत थांबलेल्या!

"लावणी आत्ताच करायला हवी. अष्टमीच्या आत."

तेव्हा गजाननराव पहिल्यांदा बोलले. "तवा एक सांगतलं, आता दुसरं सांगता. मानसानं इस्वास कोनावर ठेवाचा?"

"माझ्यावर ठेवूच नका. चंद्रावर ठेवा. आज संध्याकाळी दाखवते."

दिवस मावळल्यावर तिघं गोठ्याच्या दारात उभे राहिलो. पश्चिमेला शेतापलीकडे विजेच्या डीपीचा खांब आहे. तृतीयेची कोर बरोबर त्या खांबाच्या टोकावर टेकली. "आता उद्या इथेच उभं राहायचं. कोर खांबाएवढी खाली येईल तेव्हा ती डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकलेली दिसेल. ते उतरणं. कोर मोठी होईल, पण रस्ता उतरेल."

गजाननरावांनी हवेत बोटाने खांबापासून डावीकडे एक रेघ ओढली. मग म्हणाले, "म्हंजे सुर्व्याचं दक्षिनायन अस्ते, तसं चांदाचं?"

"अगदी तेच. सूर्याला सहा महिने लागतात, चंद्राला दोन आठवडे पुरतात."

"मंग दक्षिनायन म्हनाचं ना सरळ! उतरता-बिरता काहून लावलं?"

बत्तीस वर्षं भूगोल, म्हटलं ना मी? उत्तरायण-दक्षिणायन फळ्यावर किती वेळा काढलं असेल, त्याची गणतीच नाही. मी हात जोडले. वंदनाताई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

तरी पठ्ठ्या मानला नाही. "उद्या सरकला तं परवा लावू. नाई सरकला तं हरभरा."

दुसरा दिवस कसा गेला विचारू नका. गावाबाहेर फिरून आले. पाऊस नुकताच झालेला असेल तर इकडे चपला घालून शेतात शिरू नका, काळी माती चप्पल ठेवून घेते आणि तुम्हाला अनवाणी पाठवते. माझी एक चप्पल वंदनाताईंनी दोन्ही हातांनी उपसून दिली. दुपारी चारला पश्चिमेला ढग आले. सहाला अख्खं आभाळ भरलं. वंदनाताई ट्रेजवळ बसून होत्या. शेजारच्या दोन घरच्या बायकाही आल्या होत्या, कारण पुण्याच्या बाईचा चांद ही एव्हाना गावात बातमी झाली होती. त्यातली एक मला म्हणाली, "तुमचा चांद सुट्टीवर गेला वाटते."

कोर खांबाच्या उंचीला आली असेल अशा सुमाराला ढगांत एक फट पडली. पाच मिनिटं, फार तर. खांब दिसला, कोर दिसली. दोघांच्या मध्ये, हात लांब करून, बरोबर तीन बोटं अंतर. डावीकडे.

गजाननरावांनी स्वतः बोटं धरून मोजलं. एक डोळा मिटून पुन्हा मोजलं. मग खाली वाकून वाफ्यातली मूठभर माती दाबली आणि म्हणाले, "ओल बी हाय. चार दिसानं नाई राह्याची. लावा."

पंचमीला उन्हं कलल्यावर लावणी केली. त्याच शेजारणी धरून आम्ही पाच बायका, आणि पाण्याला गजाननराव. मी एक ओळ लावली तेवढ्यात त्यांच्या तीन ओळी झाल्या होत्या. माझी ओळ वाकडी आहे हे मला चौघींनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. षष्ठीला सकाळी गजाननरावांनी मोटरसायकलवरून तेल्हाऱ्याच्या स्टँडवर सोडलं. तिथून एसटीने अकोला, आणि अकोल्याहून पुण्याची गाडी. कमरेने पुढचा आठवडाभर आठवण करून दिली.

घरी आल्यावर ग्रुपवर सगळं लिहून टाकलं, चुकीसकट. नवा तक्ता केला. त्यात आता 'चंद्राचं दक्षिणायन' आहे आणि खाली बारीक टीप आहे, शुद्ध-वद्याशी संबंध नाही. कोबी चंद्राने तगेल की ओलीने, असं नवऱ्याने विचारलं. गजाननराव ओलीने म्हणतील. मी चंद्र सोडणार नाही, पण पावसात भिजलेली माती समोर असताना तक्त्याकडे बघत बसा, असं यापुढे कोणालाही सांगणार नाही.

गेल्या आठवड्यात वंदनाताईंचा फोटो आला. घट्ट बांधलेले गड्डे, ओळीने. माझी वाकडी ओळसुद्धा ओळखू आली! खाली लिहिलं होतं, "मॅडम, हरभरा धुऱ्याच्या पलीकडे पेरला." धुरा म्हणजे बांध. तुकडा वाचला होता. मी स्वयंपाकघरातून ओरडले, नवरा धावत आला.

मागोमाग दुसरा फोटो आला, गोठ्याच्या भिंतीचा. नवा तक्ता त्याच खिळ्याला लावलेला. 'चंद्राचं दक्षिणायन' याच्या शेजारी पुन्हा बॉलपेनने काहीतरी लिहिलेलं. म्हटलं, आता काय समजले? फोटो मोठा करून बघितला. अक्षर वंदनाताईंचं नव्हतं. मोठं, वळणदार, जोर देऊन लिहिलेलं होतं.

"म्हणजे खांबाच्या डावीकडं. सोता पाह्यलं."