कोबा वाळेपर्यंत धीर धरवेना

पनवेलकर मैत्रिणींनो, आज माझं डोकं फिरलंय!

आमची धाकटी सारवलेल्या जमिनीचे पोपडे उकरून खाते. गुळगुळीत लाद्या बसवल्या, तर थोरला घसरायचा. म्हणून महिनाभर वाद घालून मी सिमेंटचा कोबा करून घेतला.

सकाळी गव्हाणच्या गवंड्याने तो घोटून दिला आणि बजावलं, "बाय, उद्यापर्यंत कोनी पाय नाय ठेवायचा. पोरांवर लक्ष ठेवा."

पोरांना दिवसभर शेजारी डांबलं. दारात आडवी खाट लावली.

संध्याकाळी आमचे हे आले, खाट ओलांडली आणि वहाणांसकट खोलीच्या मधोमध उभे!

"वाळला का, बघत होतो."

गवंडी म्हणतो, कोबा नातवंडांपर्यंत टिकेल. म्हणजे ही पावलंही!

खरं सांगा, घरात लहान मुलं किती असं कुणी विचारलं, तर तुम्ही नवऱ्याला धरून सांगता का?