भिंतीला पालथा हात

त्या सकाळी मी रंगाऱ्याशी भांडत होते. नाशिक रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या बाहेरच्या भिंतीला ओल येते आणि दरवर्षी तिथला रंग फुगून पापुद्रे सुटतात. रंगारी म्हणाला, "मावशी, वॉटरप्रूफचा एक हात मारू, विषय संपला." मी म्हणाले, "मागच्या वर्षीही हेच म्हणालास. विषय काही संपला नाही. थांब, दवाखान्यात फोन लावून वन्संना विचारते." फोन हातात घेतला आणि तोच वाजला. दवाखान्यातून ह्यांचा होता. "सुलू गेली," एवढंच म्हणाले. रंगारी माझ्या तोंडाकडे बघत उभा.  मी म्हणाले, "तू जा आता. ज्यांना विचारायचं होतं त्या गेल्या."

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद, सुलभा. मी त्यांना वन्सं म्हणायचे, सुरुवातीला रीत म्हणून आणि पुढे चिडवायला म्हणून. शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. अंबडला कारखान्यांच्या शेड उभारणाऱ्या एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होत्या. ते सगळं सोडून पेठच्या पुढच्या डोंगरपाड्यांत मातीची, दगडाची, बांबूची घरं बांधायला लागल्या. कुणी विचारलं, नणंद काय करते, तर मी सांगायचे, "शिकूनसवरून चिखल तुडवते." त्या हसायच्या. रागावल्या कधी नाहीत, पण ऐकायच्याही नाहीत. म्हणायच्या, "वहिनी, घाटापलीकडून सिमेंट आणायचं, वाळू आणायची, गवंडीही आणायचा, आणि मग म्हणायचं गरिबाला घर परवडत नाही! अहो, पाड्याच्या हाकेच्या अंतरावर आहे की सगळं." मला ते पटायचं, पण मी तसं कधी कबूल केलं नाही. नणंद-भावजयीत एवढं चालतंच.

त्यांची एक खोड होती. कुणाच्याही घरी गेल्या की पाणी घ्यायच्या आधी भिंतीला हात लावायच्या. तळवा नव्हे, हाताची पालथी बाजू. लेकराच्या कपाळाला लावतो ना, तशी. तळवा काम करून करून जाड होतो, त्याला काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. भिंत कोरडी असली की म्हणायच्या, "ताप नाही." ओल असली की, "हिच्या अंगात आहे." नात्यातल्या एका मुलीच्या लग्नाच्या बोलणीत मुलाच्या घरी जाऊन वन्संनी हेच केलं. मुलाकडचे बघतच राहिले. मी त्यांना चिमटा काढला, तर मोठ्याने म्हणाल्या, "अहो, मुलगी देतोय, भिंत नको बघायला?" शेवटच्या भेटीतही तेच. दवाखान्यात, खाटेवर, नाकात नळी. सुई टोचलेला हात सरकवत सरकवत त्यांनी भिंतीपर्यंत नेला आणि पुटपुटल्या, "वहिनी, हिच्या अंगात आहे हो..." मी म्हणाले, "गप बसा. आधी स्वतःचं बघा." ते आमचं शेवटचं बोलणं. मला त्याचं वाईट वाटत नाही. आम्ही असंच बोलायचो.

पण वन्सं म्हटलं की मला आठवतो तो पाड्यावरचा रविवार. त्या पाड्याची अंगणवाडी एका गळक्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. वन्संनी पाड्यातल्या लोकांना हाताशी धरून नवीन खोली उभी केली. दगडाचं जोतं, वर भाताचा पेंढा घालून मळलेल्या मातीची हातभर जाड भिंत, कौलं, आणि पावसाने भिंतीला शिवू नये म्हणून चांगली लांब वळचण. पोरं बसायला लागली. मग तालुक्याहून निरोप आला, साहेब पाहणीला येणार. त्यांनी 'पक्कं' असा शेरा दिला तर अंगणवाडी तिथे राहणार. 'कच्चं' म्हटलं की पोरं परत पत्र्याखाली. सोमवारी साहेब यायचे होते. वन्संच्या छातीत नुकतंच दुखून गेलं होतं, म्हणून ह्यांनी मला सोबत धाडलं. पेठपर्यंत एसटी, पुढे जीप, आणि शेवटी चिखलातून पायी. आठवडाभर झड लागलेली. मी वाटभर करवादत होते.

पाडा दिसला आणि वन्सं थबकल्या. अंगणवाडीची पावसाकडची भिंत गुलाबी झाली होती. झगझगीत गुलाबी, लग्नाच्या मांडवासारखी! पाड्यातले कारभारी सोनूदादा नवा सदरा घालून सामोरे आले. पावसाच्या तोंडावर पाड्यातल्या सगळ्यांनी मिळून घाटाखालून सिमेंट आणलं होतं, भिंतीला बाहेरून जाड गिलावा केला होता, वर रंग दिला होता. वन्संना चकित करायचं म्हणून कळवलं नव्हतं. "ताई, आता बघा," सोनूदादा म्हणाले, "साहेबाची काय टाप हाय कच्ची म्हनायची! पक्की केली आम्ही." बायका तोंडाला पदर लावून कौतुकाने हसत होत्या. वन्सं सरळ आत गेल्या. रविवार असूनही उद्याच्या पाहणीची तालीम म्हणून बोलावलेली पोरं त्याच भिंतीला पाठ टेकून ओळीने खिचडी खात बसली होती. त्यांच्या डोक्यांवरून हात नेऊन वन्संनी पालथा हात भिंतीला लावला. जरा खाली नेला. आणखी खाली... तिथे त्यांचा हात थांबला.

मातीला श्वास घ्यावा लागतो, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. नुसती मातीची भिंत पावसात थोडी भिजते आणि ऊन आलं की सुकते. सिमेंटच्या गिलाव्याला वरून बारीक चीर गेली होती. त्यातून पाणी आत उतरत होतं, आणि बाहेर पडायला वाट नव्हती. बाहेरून खणखणीत दिसणारी भिंत आतून खालपर्यंत भिजून मऊ झाली होती. पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं की पोरांच्या पाठीमागची भिंत पोट आल्यासारखी किंचित फुगली आहे. वन्सं अगदी हळू, हसत, सेविका हिराबाईंना म्हणाल्या, "हिराबाई, पोरांना ताटल्या उचलायला सांगा. तुमच्या पडवीत पंगत बसवू. कोण आधी पोचतंय बघू... भिंतीला धक्का न लावता हं." हिराबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि काही न विचारता पोरं उठवली. एक पोरगी उठेना, तिला खिचडी संपवायची होती. मी तिला ताटलीसकट उचललं आणि बाहेर आले. 

मग बाहेर खरं रण पेटलं. वन्सं म्हणाल्या, "गिलावा आत्ताच्या आत्ता काढायचा." सोनूदादांचा चेहरा उतरला, मग तापला. "उद्या साहेब येनार, आन तुम्ही तिला उघडी करताय? आम्ही काय येडं म्हनून केलं का हे?" वन्सं म्हणाल्या, "दादा, तुम्ही मायेनं केलंत. पण ती गुदमरलीय." कुणी पुढे येईना. पाड्याची लाज झाकायला केलेली गोष्ट, पाड्यानेच कशी उकरायची? साहेबांनी उघडी, ओली भिंत बघितली तर शेरा काय मिळणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. वन्संनाही. मी त्यांना बाजूला ओढलं. "वन्सं, उद्याचा दिवस जाऊ द्या की! साहेब गेले की काढा." त्यांनी माझा हात सोडवला. "आणि आज पडली तर?" छिन्नी-हातोडा घेऊन त्या स्वतःच भिंतीला भिडल्या. मी ओरडले, "अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय!" तर वळून म्हणाल्या, "वहिनी, एक तर मदत करा, नाही तर ओरडा. दोन्ही एकदम नको."

आधी हिराबाई आल्या. मग मी, पदर खोचून. आमच्या तिघींचे घाव ऐकून सोनूदादांना राहवेना. ते बांबू घेऊन आले आणि बाप्यांना हाका मारून आतून छपराला टेकू लावायला लागले. गिलाव्याचे गुलाबी तुकडे चिखलात पडत होते. मागची माती भिजवलेल्या कणकेसारखी, बोट घातलं तर रुतेल अशी. टेकू लावून बाप्ये बाहेर आले, एवढ्यात आतून धप्प असा आवाज आला. सगळे जागच्या जागी थिजले. छप्पर टेकूंवर करकरलं... आणि थांबलं. आम्ही दारातून डोकावलो. भिंतीच्या मधल्या भागातून मातीचा मोठा लगदा निसटून खाली आला होता. पोरांच्या पाठी जिथे टेकल्या होत्या, बरोब्बर तिथे. सोनूदादांनी डोक्यावरची टोपी काढली. मी ताटलीसकट उचललेली ती पोरगी त्यांची नात होती. मला तेव्हा कुठे ते कळलं. अंधार पडेपर्यंत उघड्या भिंतीवर पेंढ्याचे झाप बांधून झाले. 

दुसऱ्या दिवशी साहेब आले, छत्री मिटली आणि म्हणाले, "बाई, हे तर कच्चं आहे." सगळा पाडा उभा होता. वन्सं म्हणाल्या, "हो, आज कच्ची आहे. काल पक्की दिसत होती, तेव्हा पडणार होती. तिला ऊन लागू द्या, सुकू द्या, मग बघा." साहेबांनी शेरा दिला नाही. पावसाळाभर इथे पोरं बसवायची नाहीत, सरल्यावर पुन्हा बघू, म्हणाले. मग पूर्ण पावसाळा पोरं हिराबाईंच्या पडवीत, आणि वन्संच्या नाशिक-पेठ फेऱ्या. मी म्हणायचे, "एखाद्या माणसासाठी इतके खेटे घातले असते तर संसार झाला असता." त्या म्हणायच्या, "माणसाला ताप आला तर निदान तो कण्हतो तरी." पाऊस ओसरल्यावर पाड्याने निसटलेली जागा मातीने भरून भिंत सुकवली, आणि दसरा झाल्यावर साहेब आले. वन्संनी त्यांना सांगितलं, "पालथा हात लावा." त्यांनी लावला, आणि 'पक्कं' असा शेरा दिला. तेव्हापासून दरवर्षी वैशाखात पाडा भिंत लिंपतो. लिंपायच्या आधी वन्सं भिंतीला हात लावणार, त्यांनी 'ताप नाही' म्हटलं की मग माती चढणार. ओल असेल तर लिंपण नाही. तसा रिवाजच झाला.

या वैशाखात वन्सं नव्हत्या. सोनूदादांचा फोन आला. म्हणाले, "वहिनी, तरणी पोरं म्हनतात आता ताई नायत, तर सिमेंटच मारू. मला काय कळंना." मी ह्यांना म्हटलं, "उठा, जाऊ." एसटी, जीप, शेवटी पायी. आता कोरडी वाट होती, तरी मी करवादले, सवयीने. मळलेल्या मातीचा ढीग अंगणात तयार होता. पलीकडे दोन गोणी सिमेंट, तोंडं शिवलेली. बायका हात चिखलात न घालता बसून होत्या. हिराबाई म्हणाल्या, "ताई हात लावायच्या. त्याबिगर कसं सुरू करावं? तुम्ही लावा."

मला काय कळतंय त्यातलं! आयुष्यभर मी चेष्टाच केली. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्या गोण्याही तिथेच होत्या. मी आत गेले. हात वर केला, तळवा टेकणार तेवढ्यात आठवलं, आणि पालथा केला. पोरांच्या पाठी टेकतात तिथून खाली नेला. आणखी खाली, जोत्यापर्यंत. डोळे मिटले; कुठे ओल लागली नाही. आजारी लेकराशेजारी रात्र रात्र बसलेला हात आहे, त्याला एवढं तरी कळत असणारच...

"ताप नाही," मी म्हणाले. आवाज माझा नव्हता, वन्संचा होता.

हिराबाईंनी दोन्ही हात मातीत घातले.