पाण्यात गेलेल्या गावाचा गूळ

हा अनुभव मी बरेच दिवस कागदावर उतरवला नाही. अंबरनाथच्या बुवापाड्यात, आमच्या घरात, चमत्कार हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. मी अक्षरं शिकलो तीच पत्रकांवर. रविवारी बाबा जमिनीवर गठ्ठे मांडायचे आणि मी घड्या घालायचो. पुढे नवस, अंगारा, प्रसाद यांच्या विरोधात मी स्वतः पत्रकं लिहू लागलो आणि ती लोकांच्या हातात कोंबूही लागलो. त्यामुळे हे वाचून माझेच दोस्त मला फाडून खातील, याची धास्ती आहे. तरी घडलं तसं सांगतो. त्याला काय म्हणायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एका गॅरेजमागे एक जुनी परदेशी व्हॅन वर्षानुवर्षं पडून होती. कुणी गोरा प्रवासी तिच्यातून देशोदेशी फिरत इथवर आला आणि तिला इथेच टाकून गेला, असं गॅरेजवाले सिंधी काका सांगायचे. आत झोपायची फळी, छोटी शेगडी, भांडी घासायचं बेसिन, सगळं होतं. स्टिअरिंग मात्र डावीकडे. "भाई, ये गाडी नहीं, मकान है," काका म्हणाले, "बस राशन कार्ड बनवाना बाकी है." बुद्धविहारातल्या आम्ही पोरांनी ती दुरुस्त केली, फळीखाली पुस्तकं भरली आणि तिचं फिरतं वाचनालय केलं. गाडी मी चालवायचो. मला उजवीकडचं नीट दिसायचं नाही, म्हणून बाबा उजव्या सीटवर बसून सांगायचे, "जा," किंवा "थांब."

मोबाइलवर नकाशे यायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. वाट विचारायची नाही, हा माझा नियम होता. वाट विचारली की आधी उलटा प्रश्न येतो: कुठले तुम्ही, आडनाव काय? आडनाव ऐकल्यावर समोरच्या चेहऱ्यावर जो बारीकसा फरक पडतो, तो मी लहानपणापासून बाबांच्या शेजारी उभा राहून पाहिला होता. म्हणून सेकंडहँड लॅपटॉप घेतला, काचेवर जीपीएसचा डबीएवढा रिसीव्हर चिकटवला आणि रद्दीत मिळालेला एक जुना नकाशा स्कॅन करून त्यात भरला. पडद्यावर लाल ठिपका चालू लागला तेव्हा मी बाबांना म्हणालो, "बघा, हा जात विचारत नाही."

"हो. पण जेवलास का, तेही विचारत नाही," बाबा म्हणाले.

वैशाखी पौर्णिमेचा आदला दिवस. बारवी धरणाच्या पलीकडे एका पाड्यावर आमच्या समाजाची चार घरं आहेत. तिथे बुद्धजयंतीला लॅपटॉपवर चित्रं दाखवायची होती. दुपारचं जेवण तिथेच ठरलं होतं. बाबांना मधुमेह. सकाळी इंजेक्शन घेतलं की वेळेवर पोटात काही जावंच लागतं, नाहीतर शुगर खाली येते. त्यासाठी आई त्यांच्या सीटमागे बिस्किटांचा आणि खडीसाखरेचा डबा ठेवायची. लॅपटॉपच्या बॅटरीला जागा हवी म्हणून तो डबा मीच घरातल्या फळीवर काढून ठेवला होता. तो परत ठेवायचा राहिला.

बदलापूर मागे पडलं तेव्हाच जेवणाची वेळ टळून गेली होती. पुढे एका फाट्यावर रुंद रस्ता डावीकडे वळत होता, पण नकाशात वाट सरळ होती. झाडाखाली दोन माणसं बसली होती. बाबा म्हणाले, "विचार की त्यांना." मी म्हणालो, "नकाशात आहे ना!" आणि सरळ गेलो. डांबर फुटलेलं होतं, तरी रस्ता होता. हळूहळू उतार लागला, झाडं संपली आणि दोन्ही बाजूंना भेगाळलेला चिखल दिसू लागला. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं होतं आणि त्याच्या पोटातला जुना रस्ता उघडा पडला होता. नकाशा धरणाच्या आधीचा होता. हे शहाणपण मला नंतर आलं. तेव्हा मी फक्त गाडी वळवायला निघालो आणि विचारलं, "बाबा, उजवीकडे जागा आहे का?"

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आहे ना. आज रविवार आहे."

रविवार नव्हता. तेवढ्यात उजवं चाक वरचा वाळका पापुद्रा फोडून खाली चिखलात गेलं.

आधी वाटलं, उन्हाने झालं असेल. मग पाहिलं, तर बाबा एकाच पत्रकाची पुन्हा पुन्हा घडी घालत होते. सदरा घामाने चिकटला होता आणि बोटं कापत होती. मी हाक मारली तर माझ्याकडे अनोळखी माणसासारखं पाहिलं. मी डब्यासाठी सीटमागे हात घातला आणि हाताला बॅटरी लागली. शेगडीखालचा खण उपसला. चहापावडर होती, साखर नव्हती, कारण बाबांसाठी आम्ही बिनसाखरेचाच चहा करायचो. पुस्तकांचे गठ्ठे फेकले. फोनला रेंज नव्हती. त्यांना सोडून पळावं तर किती पळावं, आणि तोवर त्यांचं काय होणार? नुसतं बसून राहावं, तर ते डोळ्यांदेखत जाणार. पडद्यावर लाल ठिपका एका गावाच्या मधोमध उभा होता. नकाशात तिथे घरं होती, विहीर होती, देऊळ होतं. काचेबाहेर चिखलाशिवाय काही नव्हतं.

मी कुणाचा धावा केला नाही. कुणाचा करायचा, ते मला येतच नाही. पण मी मोठ्याने बोललो, एवढं खरं. बाबांचं डोकं छातीशी धरून, समोरच्या उजाड चिखलाला म्हणालो, "मला काही माहीत नाही. आता काय करू, मला माहीत नाही."

माझ्या आयुष्यात हे वाक्य मी आधी कधी उच्चारलं नव्हतं.

मान वर केली तर उतारावरून एक म्हातारी येत होती. अंगावर काष्टी लुगडं, डोक्यावर टोपली. ती थेट दारापाशी आली आणि आत डोकावली.

"काय झाला रं? म्हातारा प्यालाय काय?"

"नाही आजी, त्यांची शुगर उतरलीय. साखर आहे का? काहीही गोड?"

"रानात साखर कुठली? गूळ हाय. देवीचा."

माझा हात पुढे झाला नाही. तो एक क्षण मला आजही लाज आणतो. बाप हातातून निसटत होता आणि माझ्या डोक्यात माझंच पत्रक फिरत होतं. तिला वाटलं, मी तिच्या देवीसाठी थांबलोय. टोपली खाली ठेवत ती म्हणाली, "अजून दिला नाय तिला. तिला काय घाई? ती बसलीय पान्याकाठी गार. घे, म्हाताऱ्याला दे आधी."

आपल्या देवीच्या आधी तिने माझ्या बाबांना दिलं. गूळ बोटांनी चुरला, थोड्या पाण्यात कालवला आणि लहान बाळाला चाटवतात तसा त्यांच्या गालाच्या आत लावला. पुन्हा लावला. मी त्यांची मान धरून बसलो होतो. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग बाबांची जीभ हलली. घोट उतरला. हाताचा थरथराट थांबला. डोळे माझ्या तोंडावर आले आणि त्यांना मी ओळखू आलो.

"कसला गूळ आहे?" त्यांनी विचारलं.

"देवीचा," मी म्हणालो. त्यांच्यापुढे खोटं बोलवेना.

बाबांनी ओठांवरचा गूळ चाटून घेतला. मग म्हणाले, "अजून आहे?"

म्हातारी खळखळून हसली. तिने कागदातला उरलेला सगळा गूळ त्यांच्या ओंजळीत रिकामा केला आणि वर आपली भाकरी दिली.

मग कळलं ते असं. ती ठाकरीण, तिथलीच आदिवासी. तिचं गाव या पाण्यात गेलं तेव्हा ती नवी नवरी होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावदेवीच्या देवळाची पायरी उघडी पडते. तेवढ्या दिवसांत एकदा ती नारळ आणि गूळ घेऊन येते. वर्षातून एकदाच, एकटी. "पोरं नाय येत. म्हनतात, म्हातारे, चिखलात काय हाय तुजा?" मी तिला लॅपटॉपवर तिचं गाव दाखवलं. आधी तिला पटेना. मग ती ठिपक्याठिपक्यावर बोट ठेवू लागली. ही विहीर. हा पाटलाच्या गुरांचा वाडगा. हा माजा घर. देवळाच्या खुणेवर आली तशी तिने टोपलीतलं कुंकू घेतलं आणि पडद्यावर टेकवलं. मी अडवलं नाही.

बाबा म्हणाले, "तिच्याबरोबर जा. नारळ तू उचल." मी गेलो. देवीला मी हात जोडले नाहीत, ती माझी प्रतिज्ञा आहे आणि मी ती पाळतो. पण म्हातारी पायरीवर वाकून उठली तेव्हा मी तिच्या पाया पडलो. ती दचकली. "नको रं बाला, माजं पाय चिखलाचं हाईत," म्हणाली. मग तिनेच पाड्यावरून माणसं बोलावली, त्यांनी दोर लावून गाडी ओढली. आमचं आडनाव कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

नकाशा चुकला नसता तर आम्ही तिथे गेलो नसतो. पण बाबांची शुगर कुठेही उतरली असती, आणि डबा कुठेही नसताच. मग आम्ही नेमके त्या जागी, वर्षातल्या त्या एका दिवशी कसे होतो? योगायोग म्हणा. मी भांडणार नाही. मला फक्त एवढं कळतं की ज्यांना मी दूर ठेवलं होतं त्यांच्यातलीच एक बाई माझ्या घराचं छप्पर सावरून गेली, आणि तिचे उपकार फेडायला माझ्यापाशी काहीच नाही.

विहारात आम्ही रोज त्रिशरण म्हणतो. मी ते घोषणेसारखं म्हणायचो, छाती काढून. शरण जाणं म्हणजे हरणं, असं कुठेतरी मनात होतं. आता वाटतं, 'मला माहीत नाही' एवढं तोंडातून बाहेर पडलं की माणूस अर्धा पोचलेला असतो. बाबा माझ्या शेजारीच बसतात. माझा आवाज हल्ली खाली येतो, त्यांचा पुढे निघून जातो, आणि मी त्यांच्यामागून म्हणत राहतो.