थांबा हं, जोडून देते

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी चहाच्या निमित्ताने उठून जाणारा माणूस. ऑफिसांमधले इंटरनेटवर चालणारे फोन दुरुस्त करणं हा माझा धंदा. त्यात एकतर सेटिंग गंडलेलं असतं नाहीतर वायर – तिसरं काही नसतं, असं मी छातीठोकपणे सांगायचो. पण आता हे लिहितानाही धडधडतंय...

तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं ऑफिस आहे. दुपारी डबा उघडणार तेवढ्यात तिथून फोन – रिसेप्शनवरून डिस्पॅचला ट्रान्सफर केलेला प्रत्येक कॉल सकाळपासून कट होतोय, लगेच या. पोचलो तर रिसेप्शनवरची प्रांजल पार वैतागलेली.

"सर, माझ्याकडे लाईन कट दाखवते. आणि पार्टीला परत फोन केला तर म्हणतात, आमचं बोलणं झालं की."

"मग प्रॉब्लेम काय?"

"ते म्हणतात, मधे एक मॅडम आल्या, 'थांबा हं, जोडून देते' बोलल्या आणि दिलं जोडून. सर, इथे माझ्याशिवाय दुसरी मॅडमच नाहीये."

मला हसू आलं. राउटरचं एक सेटिंग असल्या भानगडी हमखास करतं, आणि ते चालूच होतं. ते बंद करण्याआधी सवयीने एक टेस्ट घेतली. माझ्या मोबाईलवरून ऑफिसचा नंबर लावला, प्रांजलने तो डिस्पॅचला दिला. तिच्याकडे कट. माझ्या कानात नुसती शांतता... मी म्हटलं, "हॅलो, टेस्टिंग."

आणि बाईंचा आवाज आला. दमलेला, पण अगदी स्वच्छ. "थांबा हं, जोडून देते."

मी घाईघाईने स्पीकर ऑन केला. रिंग वाजली, कुणीतरी उचललं.

"बोला वनिताताई. सकालपासून दिसल्या नाय कुठं?"

प्रांजल ताडकन उठली. वनिता मॅडम म्हणजे तिच्या आधीच्या ऑपरेटर, याच टेबलावरून रिटायर झालेल्या. प्रांजलला काम त्यांनीच शिकवलेलं. आता करंजाड्याला एकट्या राहायच्या.

"तुम्ही कोण बोलताय?" मी विचारलं.

"मी त्यांचा घरमालक, खालीच रातो. नंबर त ताईंचाच आलाय. तुमी कोन?"

"काका, प्लीज वर जाऊन बघा," प्रांजल मधेच म्हणाली. "आत्ताच्या आत्ता जा."

कॉल चालूच होता. जिन्यावर चपला वाजल्या, मग दार ठोकणं, मग हाका, मग कडी तुटल्याचा आवाज... प्रांजलने माझा दंड घट्ट धरला होता. शेवटी काका ओरडले, "जित्या हायत! गारी कारा रे, दवाखान्यात न्या!" आणि आम्ही दोघंही ढसाढसा रडलो. मी तर त्या बाईंना कधी पाहिलंही नव्हतं.

ताई पहाटे बाथरूममधे घसरल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, शुद्ध हरपलेली. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचा मोबाईल स्वयंपाकघरात सापडला, चार्जिंग संपून बंद पडलेला. ऑफिसच्या सिस्टिममधे माझा कॉल डिस्पॅचला जाताना तुटलाय. करंजाड्याला कॉल गेल्याचा मागमूस नाही. मी लॉग उलटेपालटे करून पाहिले, सिनियरला दाखवले. सेटिंग नाही, वायर नाही.

ताई बोलायला लागल्याचं कळलं तेव्हा मी हॉस्पिटलमधे गेलो. त्यांना कुणी अजून काही सांगितलेलं नव्हतं. मी नुसतं "नमस्कार ताई" म्हटलं, तर म्हणाल्या, "तुम्ही ते टेस्टिंगवाले ना?"

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसलो.

"खूप हाका मारल्या हो, कुणाला ऐकूच जाईनात," त्या हळूहळू सांगत होत्या. "मग काय झालं कळलं नाही. मी आपली ऑफिसात बसलेली, आणि कॉलवर कॉल येतायत..."

"अहो पण ताई, मग सकाळच्याच एखाद्या कॉलला घरमालकांकडे का नाही जोडलंत?" मला राहवेना.

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की हे काय विचारणं झालं.

"त्या पार्ट्यांना काम होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही तेवढे रिकामे होतात."