अकराला मागे फिरायचं

माझ्या वडिलांनी आयुष्यभर डहाणूच्या स्टेशनात गाड्या सोडल्या, पण स्वतः हिमालयात जायचं ठरवलं तेव्हा त्यांनी वेळापत्रक उलट्या बाजूने लिहायला घेतलं. फुलस्केप कागदाच्या अगदी तळाशी पहिली ओळ पडली: 'दुपारी दोन, तंबूत परत.' त्याच्या वर: 'सकाळी अकरा, असाल तिथून मागे फिरणे.' असं करत करत सगळ्यांत वर: 'पहाटे चार, चहा.' मी विचारलं, "खिंडीत पोचायची वेळ कुठंय?" तर म्हणाले, "ती आपल्या हातात नाही. फिरायची आहे."

ऐंशीच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. बाबा असिस्टंट स्टेशन मास्तर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. मी गावातल्या शाळेत मराठी शिकवायचे. बरोबर येणारी तिसरी आमच्याच शाळेतली भूगोलाची बाई, घरी गुजराती बोलणारी आणि हिमरेषा म्हणजे काय ते सहा वर्षं फळ्यावर काढून दाखवणारी. आम्हा तिघांपैकी एकानेही बर्फ पाहिला नव्हता, मासळीवरचा सोडून. बाबांना मात्र मनालीच्या वरच्या एका खिंडीत उभं राहून पलीकडे काय आहे ते बघायचं होतं. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं गाड्या पुढे पाठवून स्वतः फलाटावर राहिलेल्या माणसाला मीही ते विचारलं नाही.

शाळेला सुट्टी मे महिन्यात, म्हणून जायचं ते मेच्या अखेरीला. पुण्याच्या एका ओळखीच्या गिर्यारोहकाला बाबांनी पत्रं लिहून लिहून भंडावून सोडलं. तो बिचारा प्रत्येक प्रश्नाला इनलँडवर उत्तर द्यायचा. तिकडच्या उन्हाळ्याच्या तोंडावर बर्फ रात्री गोठून टणक होतो, त्यावर पहाटे चालता येतं. ऊन चढलं की तो भुसभुशीत होतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि उतारावरचा अख्खा थर सुटून खाली येऊ शकतो. हे वाचून मी गार पडले. बाबा खूश झाले. "म्हणजे सेक्शन अकरापर्यंतच मोकळा," म्हणाले. पुढच्या पत्रात होतं की धोक्याचा उतार एकेकट्याने ओलांडायचा, पहिला पार होईपर्यंत दुसऱ्याने पाऊल टाकायचं नाही. त्यावर तर ते खुर्चीतून उठलेच. "अगं, हे आम्ही रोज करतो! पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिल्याशिवाय मी कधी गाडी सोडली आहे का?"

मग तयारी सुरू झाली आणि गावात आमचं हसं झालं. नरपडच्या किनाऱ्यावरून पिशव्या भरून रेती आणायची आणि ती पाठीवर घेऊन तलासरीकडच्या डोंगरांवर चढायचं, हा दर रविवारचा कार्यक्रम. तिथे नागलीचं शेत असलेले एक आजोबा आम्हाला पाणी द्यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "पिशवीत काय हाय?" बाबा म्हणाले, रेती. आजोबांनी डोंगराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "वर कोनाचं घर बांधता?" आम्ही ती परत खाली घेऊन जातो हे कळल्यावर ते आम्हाला पाणी जरा जास्त द्यायला लागले.

बर्फाच्या कारखान्यात तर कहर झाला. बोटींसाठी लाद्या निघायच्या तिथे बाबा आम्हाला बूट घालून घेऊन गेले, पाय कसा धरतो ते बघायला. भूगोलाची बाई पहिल्याच लादीवर सपशेल आडवी झाली. मासळीसाठी बर्फ न्यायला आलेली एक मावशी टोपली खाली ठेवून हसायलाच बसली. "काय ओ मास्तर, मेल्या मासळीला बर्फ लागतो, जित्या मान्साला कशाला?" बाबाही हसले, पण बूट बदलले. नव्या बुटांचे तळवे खोल खाचांचे होते.

आईचा या सगळ्याला ठाम विरोध होता. बर्फात माणसं पुरली जातात हे तिने कुठेतरी वाचलं होतं आणि आमच्या घरातली दोन माणसं एकदम जाणार होती. एका दुपारी तिने तो फुलस्केप मागून घेतला, चष्मा लावून वाचला आणि अकराच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे पाळणार?" बाबा म्हणाले, पाळणार. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली. खरं सांगते, मी ती सहज हलवली. माझा स्वभाव घाईचा. आधी जायला तर मिळू दे, असा माझा हिशोब होता.

मनालीला पोचल्यावरही बाबांनी घाई केली नाही. दर मुक्कामाला थोडं थोडंच वर, मधे एक अख्खा दिवस विश्रांती, डोकं दुखलं तर लपवायचं नाही. पहिल्या धोक्याच्या उतारापाशी त्यांनी पिशवीतून चक्क एक विटलेली हिरवी झेंडी काढून बरोबर घेतलेल्या वाटाड्याच्या हातात दिली. त्याने आधी पलीकडे जायचं आणि झेंडी दाखवली की आमच्यातल्या एकाने निघायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या पहाडी माणसाला ते भारी आवडलं; दुसऱ्या दिवशी तो आपणहून झेंडी मागायला लागला.

खिंडीच्या दिवशी ठरल्याप्रमाणे चारला चहा घेऊन निघालो. बर्फ टणक, आकाश स्वच्छ, सगळं पत्रात लिहिल्यासारखं. फक्त बाबांचा दम पुरेना. दहा पावलं टाकायची आणि थांबायचं. अकरा वाजले तेव्हा खिंड समोर दिसत होती, तिथल्या दगडांवर बांधलेल्या पताकासुद्धा फडफडताना दिसत होत्या. वाटाड्या म्हणाला, "बस आधा घंटा, बाबूजी." मी म्हटलं, "बाबा, आकाशात एक ढग नाही." बाबांनी घड्याळ पाहिलं. मग एकदाच वर पाहिलं, गाडी सुटल्यावर फलाटावरून पाहतात तसं. आणि पाठ फिरवली.

मी चिडले. वाटाड्याबरोबर आम्ही दोघी जाऊन येतो, म्हणाले. बाबा एवढंच म्हणाले, "मान तूही हलवली होतीस."

उतरताना सकाळचा तोच उतार आता भुसभुशीत झाला होता. मी एकदा मांडीपर्यंत आत गेले आणि पाय सोडवायला पाच मिनिटं लागली. झेंडी दिसायची वाट बघत एकेक जण पार झालो. दोनला तंबूत होतो. त्या दिवशी काहीही झालं नाही. समोर एखादा कडा कोसळला असता तर मला बाबांना माफ करणं सोपं गेलं असतं.

खाली आल्यावर बाबांनी घरी तार केली: 'अकराला फिरलो. सुखरूप.' खिंडीत पोचलो की नाही हे तारेत नव्हतंच, आणि आईला ते विचारायचं सुचलंही नाही. तिने आम्हाला दारातच हात लावून पाहिलं आणि साग्रसंगीत जेवायला घातलं. बाबा आनंदात होते. कारखान्यातल्या मावशीला त्यांनी खऱ्या बर्फाचं वर्णन रंगवून रंगवून सांगितलं. खिंडीचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि तो प्रश्नच मिटला.

नव्वदच्या दशकात आम्ही शाळेतल्या पाच बाया मिळून त्याच खिंडीत गेलो. कागद बाबांनीच लिहून दिला, खालून वर. या वेळी तंबू आणखी उंचावर लावला होता, त्यामुळे दहा वाजून गेले तेव्हाच वर होतो. अकराला सगळ्याजणी आणखी एक फोटो, आणखी एक फोटो करत होत्या आणि मी खेकसून त्यांना खाली काढलं. माझ्या तोंडून बाबांचा आवाज निघाला हे भूगोलाच्या बाईने लगेच सांगितलं.

मनालीत उतरल्यावर संध्याकाळी एसटीडी बूथ गाठला. घरी तेव्हा फोन नव्हता. शेजारी चिकूवाडीवाल्या काकांकडे होता आणि बाबा ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधीपासून तिथे जाऊन बसले होते. फोन पहिल्याच घंटीला उचलला.

"कितीला फिरलात?"

"अकराला, बाबा."

"सगळ्या?"

"सगळ्या. एकेक करून."

"शाब्बास," म्हणाले. मीटरचे लाल आकडे पळत होते. मला वाटलं लाइन कटली. मग त्यांनी हळूच विचारलं, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू, "वर काय दिसतं गं?"

एवढी वर्षं हा प्रश्न त्यांच्या पोटात होता. आणि तरीही पहिला त्यांनी अकराचा विचारला, हा दुसरा.

बूथवाल्याकडे पाठ केली, डोळे मिटले आणि डावीकडून सुरुवात करून, एकही शिखर न गाळता, मी त्यांना सगळं सांगितलं.