अर्धा सेंटीमीटर कमी

मागच्या वर्षी माझा मित्र कान दाखवायला चेन्नईला आला आणि पेरुंगुडीला माझ्याकडे आठवडाभर राहिला. फौजेची पेन्शन घेऊन तो गावी असतो. सरहद्दीवर त्याच्या गाडीखाली सुरुंग फुटला, त्यात डावा कान पूर्ण गेला. उजव्याला अर्धंमुर्धं ऐकू येतं. याला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत मी फक्त फोन केले, भेटायला गेलो नाही. सुट्टी मिळत नाही म्हणायचो. मिळत होती. फोन त्याची बायको घ्यायची आणि माझं बोलणं त्याला ओरडून सांगायची. अशा फोनवर कबुली देता येत नाही, हे माझ्या सोयीचंच होतं.

कबुली द्यायची होती ती भरतीच्या दिवसाची. आम्ही दोघं कोल्हापूरकडचे, एकाच फौंड्रीत साच्यांत माती भरायचो. फौजेत जायचं तर दोघांनी, असं ठरलेलं. छाती फुगवून पाच सेंटीमीटर वाढावी लागते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही टेलरची टेप आणून एकमेकांची छाती मोजायचो. माझी सहज सहा भरायची. भरतीला मात्र रांगेत पुढच्याच्या पाठीवर शाईनं नंबर लिहिलेला बघितला, आणि तसाच आपल्याही पाठीवर आहे हे आठवून मी घाबरलो. दुसरं काही कारण नाही. टेप लावल्यावर मी श्वास पुरता घेतलाच नाही. साडेचार भरली. तो गेला. मी डिप्लोमा केला आणि पुढे इकडे गाड्यांच्या कारखान्यात लागलो. गावात सगळे म्हणायचे, बिचाऱ्याचं अर्ध्या सेंटीमीटरनं हुकलं. सगळ्यात जास्त तो म्हणायचा.

डॉक्टरांनी कानाचं मशीन लिहून दिलं, ते यायला चार दिवस होते. "सिनेमा दाखव की लेका," तो म्हणाला. जवळच्या मॉलमध्ये दुपारच्या खेळाला एकच चित्रपट होता: तमिळ, युद्धाचा.

"तमिळ कळतंय कुणाला?"

"मी सांगतो कानात."

मिठागरात राबणाऱ्या दोन मित्रांची गोष्ट होती. एक लढाईवर जातो, दुसरा मागे राहतो. मी त्याच्या उजव्या बाजूला बसून प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होतो, मोठ्यानं सांगावं लागत होतं. पुढच्या रांगेतले गृहस्थ वळून म्हणाले, "कोंजम मेदुवा, सार." जरा हळू. मी मित्राच्या कानाकडे बोट दाखवलं. ते उठून दोन रांगा पुढे जाऊन बसले.

गोळीबार सुरू झाला तसा मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो स्वस्थ होता. "एवढं बोलत नाही कोण तिथं," एवढंच म्हणाला. पण लढाईवरून परतलेला माणूस कामावर न जाता मिठाच्या ढिगाआड तासन्‌तास बसून राहतो, तिथे त्यानं खुर्चीचा हात धरला. "हे बरोबर दाखवलंय."

मग तो मागे राहिलेला मित्र ढिगापाशी येतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो. पडद्यावर नुसता वारा. आणि मी माझ्या मित्राच्या कानात सांगून गेलो, "तो म्हणतोय, मी मुद्दाम राहिलो. मला भीती वाटली. श्वास घेतलाच नाही मी."

मित्र पडद्याकडेच बघत होता. म्हणाला, "त्याचं तोंड मिटलेलं हाय."

कान गेल्यापासून तो माणसांचे ओठ बघत जगतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला तरी कुठे विचारायचं होतं.

"मी बोललो ते," मी म्हणालो.

तेवढ्यात मध्यंतर झालं. दिवे लागले. तो उठला नाही, म्हणून मीही नाही.

"त्या दिवशी टेप धरलेल्या हवालदाराला म्हटलं होतं मी," तो म्हणाला, "साहेब, याची सहा भरती, परत मोजा. त्यानं मला मैदानात बेडूकउड्या मारायला लावल्या. सगळ्यांदेखत."

"मला बोलला नाहीस कधी."

"तुला वाईट वाटलं असतं."

मी मान खाली घातली. त्यानं कोपरानं ढोसलं. "वर बघून बोल. खाली बघितलंस तर मला काय कळणार?"

मी वर बघितलं. म्हणालो, "रागव तरी."

"बरं झालं आला नाहीस, असं म्हणणार नाही मी," तो म्हणाला. "फौजेच्या दवाखान्यात काय ऐकू येत नव्हतं, तवा एकदोनदा लई वाटलं, हा असता शेजारी तर..." मग म्हणाला, "चहा आण. आणि आता मनचं घालू नको. हाय तेच सांग."

दिवे मालवले. पडद्यावर ढिगाआडचा माणूस पहिल्यांदा तोंड उघडून मित्राशी बोलला. ते वाक्य मला गाळता आलं असतं. मी त्याच्या कानापाशी वाकलो.

"तो विचारतोय, इतके दिवस भेटायला का आला नाहीस?"

मित्रानं चहाचा घोट घेतला. "इचारू दे," म्हणाला. "इचारायलाच पायजे त्यानं. हा काय म्हणतोय?"

पडद्यावरचा मागे राहिलेला अजून गप्प होता. मी तसंच सांगितलं.